शॉकअपचं तेल : जाड म्हणजे भक्कम नव्हे

इंजिनाचं तेल कधी बदललं ते आपल्या लक्षात असतं. चेनला वंगण द्यायचं, चाकात हवा भरायची, हेही सवयीनं होतं. पण मोटारसायकलच्या पुढच्या दोन पायांत, म्हणजे पुढच्या शॉकअपमध्येही तेल असतं आणि तेही जुनं होतं, हे गाडी घेऊन सात-आठ वर्षं झाली तरी पुष्कळांना ठाऊक नसतं. एक दिवस ते चकचकीत नळीवरून ओघळायला लागतं, त्याला धूळ चिकटून काळा चिखल होतो, मग आपण मिस्त्रीकडं जातो. मिस्त्री विचारतो, “कोणतं तेल टाकू?” आपण म्हणतो, “टाका जरा जाड. आमच्याकडचे रस्ते काय सांगावेत!”

वाचकहो, घोटाळा नेमका इथंच होतो. रस्ता खराब म्हणून तेल जाड, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो, पण तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आणि बरोबर तेल कसं निवडायचं, ते या लेखात पाहू. गोष्ट पाव-अर्धा लीटर तेलाची आहे. पण त्या गाडीवर पुढं टाकीवर बसलेलं लेकरू असतं, मागं घरची लक्ष्मी असते आणि बाजूला दुधाची किटली असते. तेव्हा गोष्ट लहान म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

हिमायतनगरचा रस्ता आणि आपली गाडी

हिमायतनगरचंच उदाहरण घ्या. जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात, ते हे गाव. इथून भोकरला जा, किनवटकडं जा, नाहीतर पैनगंगा ओलांडून विदर्भात उतरा. डांबरी रस्ता सोडून शेताकडं वळलं की काळी माती आलीच. उन्हाळ्यात तिच्या भेगांत चाक अडकतं आणि पावसाळ्यात तोच चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेला जाणारी गाडी असो, की सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला निघालेली पोरं असोत, एका गाडीवर दोनच माणसं बसली आहेत असं क्वचितच दिसतं. आठवडाभर तीच गाडी खताची पोती, ढेपेचं पोतं, फवारणीचा पंप आणि गवताचा भारा वाहते.

शहरातली गाडी आणि आपली गाडी कारखान्यातून एकाच साच्यातून निघते. फरक आहे तो वापरात. म्हणून शहरातला माणूस ज्या गोष्टीकडं काणाडोळा करू शकतो, तिच्याकडं आपल्याला जास्त लक्ष द्यावं लागतं.

हा शॉकअप काही परदेशातून येणारी अजब वस्तू नाही. आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि तिथंच एंड्युरन्स ही कंपनी मोटारसायकलींचे शॉकअप बनवते. गॅब्रिएल कंपनीही हेच काम करते. मात्र नळीत तेल घालून धक्के आवरायची ही युक्ती त्याहून पुष्कळ जुनी. तयार विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलीला तेलाचे असे पुढचे पाय प्रथम बसवले ते जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं, १९३५ साली. आपल्या खेड्यापाड्यांत त्यांचा सुळसुळाट झाला तो १९८५ च्या सुमारास हिरो होंडा सीडी शंभर, यामाहा आरएक्स शंभर अशा हलक्या गाड्या आल्यानंतर.

आत चालतं काय?

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय असतो. वरची चकचकीत पोलादी नळी खालच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यात वर-खाली सरकते. आत लांब स्प्रिंग आणि तेल असतं, आणि बारीक भोकं पाडलेली एक दांडी असते. खड्डा आला की चाक वर येतं, स्प्रिंग दबते आणि तेल त्या भोकांतून जोरानं पलीकडं जातं. चाक परत खाली जाताना तेलालाही परत यावं लागतं. येताना वाट आणखी अरुंद केलेली असते, त्यामुळं स्प्रिंग एकदम उसळत नाही.

रंगपंचमीची पिचकारी आठवा. पाणी भरलेली पिचकारी झटकन रिकामी होते. त्याच पिचकारीत काकवी भरा, मग कितीही जोर लावला तरी दांडा हळूहळूच सरकतो. भोक तेच असतं, बदलतो तो पातळ-जाडपणा. शॉकअपच्या तेलाचं सारं शास्त्र या पिचकारीत आलं.

आता महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. ओझं उचलते ती स्प्रिंग. तेल ओझं उचलत नाही, ते फक्त हालचालीला लगाम घालतं. गाडीवर पोतं टाकलं की पुढचा भाग खाली बसतो, हे स्प्रिंगचं काम. पोतं टाकून गाडी उभी आहे, हालचाल नाही, अशा वेळी आतलं तेल पातळ असो की जाड, गाडी तेवढीच बसणार. म्हणून “ओझं जास्त असतं, जाड तेल टाका” असं म्हणणं म्हणजे बैल थकले म्हणून कासरा जाड घेण्यासारखं आहे.

जाड तेलानं बिघडतं काय?

तेल गरजेपेक्षा जाड झालं की दोन गोष्टी होतात. पहिली, खड्ड्याचा दणका लागल्याबरोबर तेलाला भोकातून वेळेवर निसटता येत नाही. शॉकअप दगडासारखा वागतो आणि धक्का सरळ हँडलला, तिथून मनगटाला आणि खांद्याला जातो. संध्याकाळी हात भरून येतात ते उगीच नाही.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. दबलेलं चाक सावकाश खाली येतं. ते पुरतं खाली येण्याआधीच दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. दर वेळी शॉकअप थोडा थोडा दबलेलाच राहतो आणि शेवटी त्याला दबायला जागाच उरत नाही. आपल्याकडं खड्डे एकटेदुकटे नसतात, ते ओळीनं येतात. म्हणजे ज्या रस्त्यासाठी आपण जाड तेल मागितलं, त्याच रस्त्यावर ते तेल दगा देतं.

तेल पातळ झालं किंवा कमी झालं तर उलटं होतं. गाडी पुढून नाचते. ब्रेक दाबला की नाक जमिनीला टेकवते. खड्ड्यातून गेल्यावर चाक उसळतं आणि क्षणभर जमीन सोडतं. जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते हँडलचं ऐकतं. पावसाच्या दिवसांत पुढून ट्रॅक्टर येत असताना तो क्षण फार महाग पडतो.

“मी पुढचा ब्रेक दाबतच नाही” असं सांगणारे पुष्कळ आहेत. पण १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना, एबीएस नसेल तर, जोड ब्रेक सक्तीचा झाला आहे. त्यात पायाचा ब्रेक दाबला तरी पुढच्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. म्हणजे पुढचा शॉकअप धड असणं आता सर्वांनाच गरजेचं झालं.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत?

शॉकअपसाठी वेगळं तेल मिळतं. त्याला फोर्क ऑइल म्हणतात. डब्यावर ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू, २०डब्ल्यू असे आकडे असतात. आकडा लहान तेवढं तेल पातळ, मोठा तेवढं जाड. आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांना १०डब्ल्यूच्या आसपासचं तेल लागतं. पण तुमच्या गाडीला कोणतं, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहा, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. आतल्या भोकांचं माप प्रत्येक गाडीचं निराळं असतं आणि कारखान्यानं तेल त्या भोकांना जुळवून ठरवलेलं असतं.

यातही एक खोच आहे. एका कंपनीचं १०डब्ल्यू आणि दुसऱ्या कंपनीचं १०डब्ल्यू अगदी सारखंच असेल असं नाही. खरं माप पाहायचं तर ‘सेंटिस्टोक’ हा आकडा बघावा. तेल ४० अंश तापमानाला किती पातळ-जाड आहे, ते हा आकडा सांगतो. तो डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. म्हणून एकदा एका कंपनीचं तेल मानवलं की पुढच्या वेळी शक्यतो तेच घ्यावं.

हाच आकडा धरून थोडी तुलना करू. १०डब्ल्यू फोर्क ऑइल साधारण तीसच्या आसपास असतं. दुकानात सहज मिळणारं २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल त्याच तापमानाला शंभराच्याही वर जातं, म्हणजे तिपटीहून जाड. गिअरचं नव्वद नंबरचं तेल तर दोनशेच्या आसपास. आता सांगा, तीसच्या तेलासाठी पाडलेल्या भोकातून शंभराचं तेल कसं धावणार?

आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि थंडीत पहाटे चांगलाच उतरतो. उन्हानं तेल पातळ होतं, गारठ्यानं घट्ट होतं. म्हणून हिवाळ्यात सकाळी दूध घालायला निघालं की पहिला किलोमीटरभर गाडी पुढून कडक वाटते. तो दोष नव्हे. पण दुपारच्या उन्हातही कडकच वाटत असेल, तर तेल जाड आहे असं समजावं.

हे तेल चालेल का?

*इंजिन ऑइल :* काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत शॉकअपसाठी इंजिन ऑइलच सांगितलेलं असे. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर खुशाल घाला. नसेल तर नको. जाडपणाचा प्रश्न आहेच, शिवाय इंजिनाचं तेल काजळी धुण्यासाठी बनवलेलं असतं. शॉकअपच्या तेलात मात्र फेस होऊ नये म्हणून खास औषध असतं. तेलाला फेस आला की भोकातून तेलाऐवजी हवा जाते आणि लगाम सुटतो.

*इंजिनातून काढलेलं जळकं तेल :* मुळीच नको. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो. तो नळी आणि सील दोन्ही खातो.

*ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल :* त्याचेही प्रकार अनेक. काही प्रकार जाडपणात जवळ येतात, म्हणून मिस्त्री ते वापरतातही. पण घरच्या पिंपात कोणत्या नंबरचं तेल आहे हे आपल्याला क्वचितच ठाऊक असतं. न मोजता घातलेलं औषध जसं पिकाला, तसं हे गाडीला.

*ब्रेक ऑइल :* कधीही नको. नाव ‘ऑइल’ असलं तरी ते निराळंच द्रव्य आहे. ते शॉकअपची रबरी सील फुगवून नासवतं आणि सांडलं तर रंगही उडवतं.

तेल बदलायची वेळ कशी ओळखावी?

घरी दोन मिनिटांत होणारी परीक्षा सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा. वर बसून पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि हँडलवर भार देऊन गाडी पुढून जोरानं दाबा, मग भार सोडा. गाडी खाली जाऊन एकदा वर आली आणि स्थिरावली, तर ठीक. दोन-तीनदा झुलली, तर तेल पातळ झालं आहे किंवा कमी झालं आहे. आळसावल्यासारखी सावकाश वर आली, तर तेल जाड आहे किंवा नळी कुठं अडकते आहे. खाली जाताना ‘ठक्’ असा आवाज आला, तर तेलाबरोबर स्प्रिंग आणि कोनसेटही तपासून घ्या.

मग स्वच्छ फडक्यानं दोन्ही नळ्या पुसा आणि पुन्हा पाच-सहा वेळा गाडी दाबा. नळीवर तेलाचं कडं उमटलं तर सील गेली आहे. हे पुढं ढकलू नका. ओघळणारं तेल खाली चाकापर्यंत येतं. डिस्क ब्रेक असेल तर ते चकतीवर आणि पॅडवर जाऊ शकतं, आणि मग ब्रेक नसल्यासारखाच.

किती किलोमीटरला तेल बदलावं, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. मात्र तो आकडा साध्या वापराचा असतो. चिखल-धुळीतून चालणाऱ्या गाडीचं तेल त्याआधी पाहून घ्यावं. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. नाल्याच्या पुरातून गाडी काढली की असं होतं. करडं, चमचमणारं दिसलं तर आत धातूची झीज चालू आहे.

मिस्त्रीपुढं चार गोष्टी सांगा

हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. शॉकअपच्या वरच्या टोपीखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. टोपी बेसावध सोडली तर ती उसळून तोंडावर येते. पण मिस्त्रीकडं गाडी टाकून बाजारात निघून जाऊ नका. जवळ उभे राहा आणि चार गोष्टी सांगा.

पहिली : जुनं तेल पूर्ण काढा. कित्येक गाड्यांच्या पायाला खाली तेल सोडायचा स्क्रूच नसतो. तेव्हा पाय काढून, उलटे धरून, आत-बाहेर सरकवून निथळावे लागतात. जुन्या घाणीवर नवं तेल ओतणं म्हणजे नासक्या दुधात ताजं दूध घालणं.

दुसरी : तेल मापानं घाला. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला एका पायात साधारण दीडशे ते दोनशे मिली तेल लागतं. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्यावा. दोन्ही पायांत माप सारखंच हवं, आणि अंदाजानं धार धरायची नाही. तेलाच्या वर थोडी हवा राहायला हवी. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबल्यावर दांडा जसा शेवटी कडक होतो, तशी ती हवा शेवटच्या दणक्याला उशीसारखी उपयोगी पडते. तेल जास्त भरलं तर हवेला जागा उरत नाही आणि दाबानं नवी सीलही फुटते.

तिसरी : सील दोन्ही पायांच्या बदला आणि नळी बोटानं तपासा. नळीवर गंजाचे खड्डे किंवा ओरखडा असेल तर ती नव्या सीलला चाकूसारखी कापते. वारंवार सील बदलूनही गळती थांबत नसेल, तर दोष बहुधा या नळीतच सापडतो.

चौथी : स्प्रिंगची लांबी मोजा. वर्षानुवर्षं ओझं वाहून स्प्रिंग आखूड होते. तिची कमीत कमी लांबी किती असावी याचा आकडा सर्व्हिस सेंटरवर मिळतो. स्प्रिंग बसली असेल तर दोन्ही बदला. तिचं काम तेल करणार नाही.

हे सारं नीट करून, पुस्तिकेतलं तेल घालूनही गाडी पुढून मऊच वाटली, तरच एक पायरी वर जा. १०डब्ल्यूऐवजी १५डब्ल्यू. एकदम २०डब्ल्यूवर उडी नको. एकाच कंपनीचं १०डब्ल्यू आणि १५डब्ल्यू निम्मं-निम्मं मिसळून मधलं तेलही करता येतं. मात्र दोन्ही पायांसाठी आधी एकाच भांड्यात मिसळून घ्या, मग मोजून भरा.

शेवटी ओझ्याबद्दल

पुस्तिकेत आणखी एक आकडा असतो, तो आपण कधीच पाहत नाही. गाडीनं माणसांसह किती भार वाहायचा, तो आकडा. शंभर सीसीच्या कित्येक गाड्यांना तो १३० किलोच्या आसपास असतो. साठ-साठ किलोची दोन माणसं आणि युरियाचं ४५ किलोचं एक पोतं, की झाले १६५. मग तेल कोणतंही घाला, शॉकअप दमणारच. पोतं आणायचं असेल तर एकट्यानं जावं, बायको-लेकराला दुसऱ्या खेपेला आणावं. तेवढं पेट्रोल जास्त जाईल, पण दवाखान्याच्या खर्चापुढं ते काहीच नाही.

गाडी धुताना विहिरीवरच्या मोटारीचा जोराचा फवारा सीलवर धरू नका. ओल्या फडक्यानं नळी पुसा. नळीवर रबरी झालर असेल तर तिच्या खाली अडकलेली माती पावसाळ्यात मधूनमधून काढा, नाहीतर आतून गंज चढतो.

आणि काढलेलं तेल? ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. जनावराच्या जखमेवर किंवा खरजेवर जळकं तेल लावायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे, तीही सोडा. जनावर ते चाटतं आणि विष पोटात जातं. तेल डब्यात भरून मिस्त्रीकडंच द्या. तो इंजिनाच्या जुन्या तेलाबरोबर ते खरेदीदाराला देतो.

बैलांच्या खुराला खडा लागला तर आपण त्याच दिवशी पाहतो. गाडीचे पुढचे पायही तसेच पाहावेत. येत्या पेरणीआधी, खत-बियाणाच्या खेपा सुरू होण्याच्या आत, हँडल दाबून ती दोन मिनिटांची परीक्षा करून बघा. आणि मिस्त्रीनं “कोणतं तेल टाकू?” असं विचारलं, तर “जाड टाका” म्हणू नका. “पुस्तिकेतलं टाका, आणि दोन्हीकडं मोजून टाका,” एवढंच सांगा.